सातवी बहीण

सात बहिणी आणि एक भाऊ घाटावरून खाली गोव्यात उतरले, अशी कथा उत्तर गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, बहिणींच्या नावांतही थोडाफार फरक पडतो, पण कथेचा सांगाडा पक्का आहे. लईराई डिचोली तालुक्यातल्या शिरगावात राहिली, केळबाई शेजारच्या मुळगावात, महामाया मयेत. मोरजाईने पेडणे तालुक्याचा समुद्रकाठ धरला आणि ती मोरजीची देवी झाली. भाऊ खेतोबा वायंगिणीला गेला. एक बहीण, मिराबाई, मात्र बार्देशात म्हापशाला गेली आणि ख्रिस्ती झाली. म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चमध्ये ‘मिलाग्रिस सायबीण’ (म्हणजे मारिया) म्हणून जिचे फेस्त ईस्टरनंतर भरते ती हीच, असे लोक मानतात. फेस्ताला शिरगावहून सायबिणीसाठी तेल जाते आणि लईराईच्या जत्रेला सायबिणीकडून मोगऱ्याची फुले येतात, अशी देवघेवही सांगितली जाते. फेस्तात हिंदू भाविक ख्रिस्ती भाविकांच्या बरोबरीने रांगेत उभे राहतात. सामर्थ्यवान भावंडांच्या या कथेत एका बहिणीचे नाव बदलले, घर बदलले, धर्म बदलला. बहीणपण मात्र कोणी काढून घेतले नाही. वीरकथेत ख्रिस्ती आशय शोधू पाहणाऱ्या प्रत्येकाने या कथेपाशी थांबावे, असे मला वाटते.

असा आशय शोधण्याचा उद्योग सध्या जोरात आहे, आणि त्याचे आवडते क्षेत्र म्हणजे टीव्हीवरचे सुपरहिरो. पाश्चात्त्य ख्रिस्ती लेखक या मालिकांत तारणाऱ्याची प्रतिमा पाहतात: आकाशातून आलेला पुत्र, जगासाठी सोसलेले दुःख, मरून पुन्हा उठणे. खुणा सापडतातही. २००१ साली सुरू झालेल्या ‘स्मॉलव्हिल’ या मालिकेच्या पहिल्याच भागात पुढे सुपरमॅन होणाऱ्या तरुण क्लार्क केंटला शेतात बुजगावण्यासारखा आडव्या-उभ्या खांबाला बांधून ठेवतात. क्रूस ओळखायला तिथे वेगळे चष्मे लागत नाहीत. पण अशा खुणांचा हिशोब फार लवकर संपतो. हात पसरलेला प्रत्येक माणूस ख्रिस्त ठरायला लागला की ख्रिस्त या शब्दाला अर्थ उरत नाही. माझे म्हणणे असे आहे की वीरकथेतला ख्रिस्ती आशय नायकाच्या शक्तीत किंवा पोझमध्ये शोधू नये. नायक खरा कोण आहे हे कोणाला कळते, आणि कळल्यावर कोण त्याच्यापाशी राहते, या दोन प्रश्नांत तो शोधावा. म्हणजे ओळख आणि मैत्री यांत. हे म्हणणे पडद्यावरून सिद्ध करण्यापेक्षा गोव्याच्या इतिहासातून सिद्ध करणे सोपे आहे, कारण इथे ख्रिस्ती आशय आणि देशी वीरकथा चारशे वर्षे शेजारी राहिले, भांडले आणि एकमेकांकडून उसनेही घेत आले.

आधी मूळ ख्रिस्ती कथेकडेच पाहू. शुभवर्तमानांत चमत्कार भरपूर आहेत, पण चमत्कार पाहून ओळख पटते असे तिथे क्वचितच घडते. पाण्याचा द्राक्षरस होतो, आंधळ्यांना दिसू लागते, आणि तरी लोक हा माणूस कोण हे विचारतच राहतात. येशू स्वतः शिष्यांना विचारतो की लोक मला कोण म्हणतात, आणि तुम्ही कोण म्हणता. पेत्र बरोबर उत्तर देतो, आणि तोच पेत्र अटकेच्या रात्री आपण या माणसाला ओळखतच नाही असे तीनदा सांगतो. पुनरुत्थानानंतर मग्दालेनेला तो आधी माळी वाटतो. तिला नावाने हाक मारल्यावर ती ओळखते. एम्माउसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर चालतात, बोलतात, आणि संध्याकाळी त्याने भाकर मोडेपर्यंत त्याला ओळखत नाहीत. शेवटच्या भोजनात तो त्यांना सांगतो की मी तुम्हाला यापुढे चाकर म्हणत नाही, मित्र म्हणतो. कारणही देतो: चाकराला मालकाचे मन ठाऊक नसते, तुम्हाला मी ते सांगितले आहे. इथे ओळख आणि मैत्री ही एकाच गोष्टीची दोन टोके होतात. मित्र म्हणजे ज्याला खरी ओळख सांगितली गेली आहे असा माणूस; आणि मैत्रीची कसोटी म्हणजे ती ओळख महाग पडू लागल्यावर तो ती नाकारतो की कबूल करतो.

ही कथा मराठीत आली तीही वीरकथेच्या परंपरेतूनच. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात पोहोचला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत मुख्यतः सासष्टीत राहिला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही, हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला काढलेल्या आवृत्तीने ते अभ्यासकांसमोर आले. दोन पुराणे, सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी आणि तिला कोकणीचा गंध. पण इथे महत्त्वाची आहे ती ग्रंथाची सुरुवात. सासष्टीतल्या एका चर्चमध्ये धर्मशिक्षण चाललेले असताना ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला ऐकायला दुसरे काही का देत नाही? नव्याने धर्म बदललेल्या माणसाची ही तक्रार सिद्धान्ताविषयी नाही. प्रश्नोत्तरे पाठ करायला त्याची ना नाही. त्याला उणीव भासते ती लांबलचक, गाता येणाऱ्या, चार लोकांत बसून ऐकायच्या कथेची. स्टीफन्सने त्या तक्रारीचे उत्तर ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत दिले.

एखादा म्हणेल, हे तर मिशनऱ्याचे डावपेच: लोकांच्या आवडीच्या सोंगात आपला माल खपवायचा. डावपेच होते हे कबूल. पण सोंग घेणाऱ्यावरही सोंगाचा परिणाम होतो, हे विसरता कामा नये. पुराण म्हटले की वक्ता-श्रोता आले, श्रोत्याच्या शंका आल्या, वक्त्याने शंका फेडत पुढे जाणे आले. आज्ञा देणारा धर्म या रूपात आपोआप संवाद करणारा होतो. उलट उदाहरणही त्याच काळात, त्याच गोव्यात आहे. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पेत्राच्या चरित्रावर मोठे पुराण रचले. ते १६२९ ते १६३४ या काळात गोव्यात छापून निघाले. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच सांगितले आहे की या पौर्वात्य लोकांच्या धर्मातल्या मुख्य चुकांचे खंडन यात केले आहे. पेत्र हा ओळखण्या-नाकारण्याच्या कथेतला सर्वांत जिवंत माणूस, पण त्याच्या चरित्राचा उपयोग इथे परक्या देवांना खोटे ठरवण्यासाठी झाला. दोन्ही ग्रंथ भक्तांनी लिहिले, दोन्ही ओवीत आहेत. तरी पहिल्यात श्रोत्याला मित्र मानण्याची थोडी तरी शक्यता आहे, आणि दुसऱ्यात तो प्रामुख्याने प्रतिपक्ष आहे. तेव्हा ख्रिस्ती मजकूर असला म्हणजे ख्रिस्ती आशय आलाच असे होत नाही. श्रोत्याशी कथेचे नाते काय, यावर ते ठरते.

आता डिचोली आणि पेडण्याकडे. बार्देश आणि सासष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. डिचोली मात्र १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये कायमचे त्यांच्या ताब्यात आले. मधल्या काळात मुलूख हातोहात फिरला. १७४६ मध्ये पेडण्यातला हळर्णचा किल्ला जिंकल्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉयला मिळालेला ‘मार्क्वेस द अलोर्ना’ हा किताब त्या गावाच्याच नावाचा आहे. पुढे हा भाग सावंतवाडीकर भोसल्यांकडे परतला आणि अखेर नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा मिळवलेल्या मुलखात, सामील झाला. म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे म्हापसा आणि शिरगाव यांच्यामध्ये नुसती तालुक्याची हद्द नव्हती, दोन राज्यांची आणि दोन धर्मसत्तांची सीमा होती. सीमेच्या अलीकडे देवळे पडली, पलीकडे देव नेऊन वसवले गेले. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर असाच डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावी आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तिथे त्याचे देऊळ उभे राहिले. डिचोली-पेडणे पोर्तुगीजांकडे गेले तेव्हा काळही बदलला होता. रहिवाशांच्या धर्मात आणि रीतिरिवाजांत हात घालणार नाही असे वचन नव्या काबिजादीला दिले गेले. १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय मध्ये चार वर्षे बंद राहून पुन्हा सुरू झाले होते, पण त्याचा दरारा ओसरला होता, आणि १८१२ मध्ये ते कायमचे गेले. म्हणूनच जुन्या काबिजादीत जे दाबले गेले ते या दोन तालुक्यांत उजळ माथ्याने टिकले.

दाबले गेले ते नेमके काय, याचा उत्तम पुरावा म्हणजे इन्क्विझिशनचा १७३६ चा फतवा. त्यात मूर्तिपूजेइतकेच लक्ष घरगुती गोष्टींकडे आहे: लग्नातली देशी वाद्ये, ओव्या, पानसुपारी आणि फुले वाटणे, अंगणातली तुळस, पेहराव. वरवर हा क्षुल्लक गोष्टींचा अतिरेक वाटतो. पण फतवा लिहिणाऱ्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. धर्म बदललेल्या माणसाची जुनी ओळख त्याच्या मनातल्या देवापेक्षा त्याच्या देण्याघेण्यात जास्त जिवंत असते. फुले कोणाकडून येतात, पान कोणाला दिले जाते, लग्नात कोण गाते, यांतून माणूस कोणाचा हे ठरते. तो धागा तोडला तरच नवी ओळख पुरी होईल, असा त्यांचा हिशोब होता. आता या यादीशेजारी शिरगावहून म्हापशाला जाणारे तेल आणि म्हापशाहून येणारा मोगरा ठेवून पाहा. जी देवघेव फतव्याला मोडायची होती, तीच लोककथेने दोन देवतांच्या नावावर करून अभय दिले. लोकांनी बंड केले नाही, वाद घातला नाही. बहिणीला बहीण म्हटले, एवढेच. मिराबाई ख्रिस्ती झाली हे कथा लपवत नाही, तिला परत आणायला कोणी जात नाही, तिचे चर्च खोटे आहे असेही कोणी म्हणत नाही. तिची नवी ओळख पूर्ण मान्य करून जुने नाते चालू ठेवायचे, हा या कथेचा धर्म.

त्याच कथेत शक्तीविषयीही एक विलक्षण विचार आहे. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते. धोंड म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त हातात वेताची काठी घेऊन पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. विस्तवावरून चालणे हे कोणत्याही सुपरहिरोला शोभेल असे सामर्थ्य. पण दंतकथा त्याचे कारण सांगते ते पराक्रमाचे नाही. विस्तव आणायला पाठवलेला भाऊ खेळात रमून उशिरा आला, लईराईने रागाच्या भरात त्याला लाथ मारली, आणि मग पश्चात्तापाने तिने स्वतः निखाऱ्यांवरून जाणे पत्करले. केळबाईनेही डोक्यावर जळते भांडे घेतले, असे सांगतात. म्हणजे या भावंडांचे अलौकिक सामर्थ्य हे नाते दुखावल्याच्या प्रायश्चित्तातून आले आहे. इथे ख्रिस्ती प्रभाव होता असा दावा मी करत नाही. कथा आपल्या मातीतली आहे. पण पश्चात्तापातून येणारी शक्ती आणि शक्तीपेक्षा वरचढ असणारे नाते हा ख्रिस्ती माणसाला आपला वाटावा असा विचार आहे, आणि तो ज्याला क्रूसाच्या आकाराच्या खांबात सापडतो त्याने शिरगावच्या होमकुंडातही तो पाहायला हरकत नसावी.

पेडण्याच्या रंगभूमीवर ओळखीचा खेळ वेगळ्या रीतीने चालतो. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात दशावतारी नाटक होते. सिंधुदुर्गातल्या आणि पेडण्यातल्या मंडळ्या गावोगाव फिरतात. गणपती, सरस्वती, वेद पळवणारा संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू असा पूर्वरंग होतो, आणि मग लिखित संहितेशिवाय, कलावंतांच्या हजरजबाबावर, पुराणातले आख्यान पहाटेपर्यंत रंगते. या आख्यानांचा प्राण वेषांतरात असतो. देव भिक्षुक होऊन दारात येतो, राजा राज्य गमावून ओळख लपवतो, पतिव्रतेला नवरा दिसतो पण तो नवरा नसतो. प्रेक्षकांना सगळे ठाऊक असते. पात्रांना कधी कळणार यासाठी ते जागतात. आणि कळते ते बहुतेक वेळा बळाने नव्हे, निष्ठेने. ज्याने भिकाऱ्याला पाणी दिले त्याला देव दिसतो. मुखवटा घातलेला सुपरहिरो हा याच घराण्यातला. दूरदर्शनवर १९९७ मध्ये आलेल्या ‘शक्तिमान’मधला धांदरट गंगाधर ज्या पोरांना लगेच आपला वाटला, त्यांच्या आजोबांनी वेषातला देव दशावतारात कितीदा पाहिला होता.

या कसोटीला पडद्यावरच्या मालिका लावल्या की क्रूसाच्या खुणा मोजण्यापेक्षा अधिक हाती लागते. २०१५ च्या ‘डेअरडेव्हिल’ या मालिकेचा नायक मॅट मरडॉक कॅथलिक आहे, तो पाद्रीकडे कबुलीला जातो, हे तर उघडच. पण त्या मालिकेतला सर्वांत ख्रिस्ती प्रसंग चर्चमध्ये घडत नाही. जखमी, मुखवटा उतरलेला मॅट त्याचा वकिलीतला भागीदार आणि जिवलग मित्र फॉगी याच्यासमोर पडलेला असतो, आणि फॉगीला दुःख होते ते मित्र मारामाऱ्या करतो याचे तितकेसे नाही, जितके त्याने इतकी वर्षे खरे सांगितले नाही याचे. मित्र मानायचे आणि मनातले सांगायचे नाही, हा करार फॉगीला मान्य नाही. शेवटच्या भोजनातल्या त्या वाक्याचीच ही बाजू. ‘स्मॉलव्हिल’मध्येही क्लार्क आणि त्याचा मित्र लेक्स यांची मैत्री शेतातल्या खांबामुळे मोडत नाही, लपवालपवीमुळे मोडते, आणि त्या मोडण्यातूनच मित्राचा शत्रू तयार होतो. सामर्थ्य या कथांना गती देते. त्यांचा निकाल मात्र ओळख सांगितली गेली की नाही यावर लागतो.

दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा की मैत्री आणि ओळख ही साऱ्या माणसांची मालमत्ता. तिच्यावर ख्रिस्ती शिक्का का? १९३८ मध्ये सुपरमॅन छापून आला तो जेरी सीगल आणि जो शुस्टर या ज्यू तरुणांच्या हातून. दूर पाठवून वाचवलेले ते बाळ ख्रिस्तापेक्षा मोशेच्या जास्त जवळचे आहे. आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळेच मालकीची भाषा सोडायला हवी. एखाद्या कथेत ख्रिस्ती आशय सापडतो याचा अर्थ ती कथा ख्रिस्ती धर्माची झाली असा होत नाही. लईराईच्या कथेने म्हापशाच्या सायबिणीवर कबजा केला नाही, तिला बहीण म्हटले. वाचकानेही तेवढेच करावे. कृष्ण-सुदाम्याची भेट, मोशेची पेटी, एम्माउसची वाट आणि फॉगीचा राग यांना एकाच घरातल्या भावंडांसारखे ओळखता येते. कोण धाकटे, कोण थोरले याचा निवाडा न करता.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. देवळे पाडली गेली, माणसे घरे सोडून सीमेपलीकडे पळाली, भाषेवर बंदी आली, १६८४ च्या फर्मानाने तर तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचा आदेश दिला. या साऱ्यावर बहिणींच्या कथेची गोड साय घालणे म्हणजे जुलमाला माफी नव्हे काय? शिवाय ही कथा सांगितली ती मुख्यतः हिंदूंनी. चर्चच्या शिकवणीत मारिया कोणा देवीची बहीण नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण कथा जुलूम विसरत नाही. बहिणीचे स्थलांतर आणि धर्मांतर हाच तिचा विषय आहे. ती फक्त एवढे म्हणते की सत्ता माणसाचे नाव बदलू शकते, नात्याचा निकाल देऊ शकत नाही. आणि हे केवळ एका बाजूचे सांत्वन नव्हते. पेडण्यासमोर शापोरा नदीच्या दक्षिण तीरावर, जुन्या काबिजादीतल्या शिवोली गावात, नाताळानंतर होणाऱ्या जागरात हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही सोंगे घेऊन उतरतात. धर्मशास्त्राला जे मान्य नाही ते शेजारधर्माने चालू ठेवले, आणि ते चालवणाऱ्यांत दोन्ही धर्मांचे लोक होते. चर्चने मारियेविषयी जे म्हणायचे ते म्हणावे. फेस्तातल्या रांगेत उभ्या असलेल्या शिरगावच्या बाईला त्यामुळे रांग सोडावी लागत नाही.

म्हणून सुपरहिरोंच्या मालिकांत धर्म शोधणाऱ्यांना गोव्याचा इतिहास एक काटेकोर अट घालतो. आशय चिन्हांत असता तर १७३६ च्या फतव्याने आपले काम फत्ते केले असते, कारण चिन्हे बदलणे सत्तेला सहज जमते. देवळाच्या जागी चर्च, ओवीच्या जागी लॅटिन स्तोत्र. जे बदलता आले नाही ते होते कोण कोणाला ओळखतो याचे ज्ञान. कथेतला नायक क्रूसासारखा दिसतो की नाही हा दुय्यम प्रश्न. त्याची खरी ओळख कोणाला सांगितली गेली आणि ती महाग पडू लागली तेव्हा त्या माणसाने ती नाकारली की निभावली, हा पहिला. स्टीफन्सच्या श्रोत्याला, पेत्राला, फॉगीला हाच प्रश्न पडला होता. डिचोली-पेडण्याच्या लोकांनी त्याचे उत्तर कोणत्याही धर्मग्रंथाची परवानगी न मागता देऊन ठेवले आहे, आणि ते उत्तर ख्रिस्ती माणसालाही नाकारता येऊ नये इतके त्याच्या शुभवर्तमानाच्या जवळचे आहे.